देवबागचा मांडव

शनिवारी हळद, रविवारी लग्न.
मांडव सुरूच्या बनापुढे, थेट वाळूत,
असं शर्वाणीचं ठरलंय.
झुंबरं नकोत, करवंट्यांत दिवे,
पत्रावळी फणसाच्या पानांच्या.
तिने काढलेला नकाशा फ्रिजवर लावलाय,
त्यात एक खेकडाही आहे, मुंडावळ्या बांधलेला.

भटजींनी मुहूर्त काढला: अकरा वाजून सात.
रापणकर जयवंत तांडेल बोटं मोजत म्हणाला,
"त्या दिसा पुनव.
अकराक पाणी थंय,
जंय तुमचो न्हवरो उभो रवतलो."

पंचांग मिटलं.
बाबा पुटपुटले, खुर्च्या भाड्याच्या आहेत.

शर्वाणीने पेन शोधलं,
वरपक्षाच्या यादीत शेवटी लिहिलं: समुद्र.
आणि पुढे, बारीक अक्षरात,
पाय धुवायला पाणी नको,
स्वतःचं आणतोय.