मांदेली वेगळी, ढोमी वेगळी

धाकटू चोगले चौदा महिन्यांनी सुटून आला
आणि पहिले आठ दिवस फक्त ओहोटीला दिसला,
तोही काळोख पडल्यावर,
पाण्याच्या कडेकडेनं,
जिथं पावलं लगेच पुसली जातात.

सोसायटीच्या डिझेलची वही त्याच्याकडे होती.
किती खाल्ले, कुणाचे खाल्ले,
पाजपंढरीत शेंबड्या पोरालाही पाठ.
त्याची बायको नळावर सगळ्यात शेवटी जाते.
टपरीवर त्याला चहा मिळाला एकदा, कागदी कपात.
आम्हाला काचेचे ग्लास.

नवव्या दिवशी मात्र उजेडातच आला.
हर्णैला लिलाव चालू होता,
बैलगाड्या पोटापर्यंत पाण्यात,
बर्फाचा चुरा, शिव्या, घारी.
तो एका होडीच्या सावलीत उभा राहिला,
हातांचं काय करायचं ते विसरलेल्या माणसासारखा.
बोलणी थांबली नाहीत, नुसती हळू झाली.
ते जास्त वाईट.

सुभद्रा पावशे मासळी निवडत होती.
तिच्या इंजिनाचे पैसे त्याच वहीत बुडाले.
त्या मोसमात तिचा पोरगा
दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला.
तिनं मान वर केली नाही.
पायानंच एक टोपली त्याच्याकडे सरकवली.
"मांदेली वेगळी, ढोमी वेगळी.
आन् चिंबोरी असली तर बोटं सांभाळ."

माफ केलं, असं काही म्हणाली नाही.
केलं असेल असं मला वाटतही नाही.

तो बसला, गुडघे वाळूत रुतवून.
पहिली मूठ तशीच धरून राहिला.
तेव्हा तिनं त्याच्याकडे पाठ केली
आणि बर्फवाल्याशी भांडण उकरून काढलं,
मोठ्यानं, बराच वेळ,
अख्ख्या बंदरानं इकडे बघावं इतकं.

बर्फवाला मी.
भाव तर सकाळीच ठरला होता.
तसं म्हणणारच होतो,
तेवढ्यात तिच्या खांद्यावरून दिसलं,
टोपलीवर वाकलेली त्याची पाठ हलत होती.
मग मीही भांडलो.
तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

त्या डिझेलच्या वहीत
दर पानाखाली 'तपासले' लिहून एक सही आहे.
तीन वर्षं, न वाचता केलेली.
कोर्टात त्याबद्दल कुणी विचारलं नाही.
धाकटूनंही सांगितलं नाही.

दिवे लागल्यावर सुभद्राला बर्फाची पावती दिली.
"वाचून सही केलीस ना रं?"
एवढंच म्हणाली, आणि इतकं हळू
की शेजारच्या टोपलीपर्यंतही पोचलं नसेल.

मी पावती परत घेतली.
दिव्याखाली धरली.
अकरा लाद्या.