म्हशींची वाट

शिकलगार मामा निवृत्त झाले त्या आठवड्यात
नगररचनेतली ट्रेसिंगची टेबलं भंगारात गेली.
जाताना त्यांनी माझ्या हातात अर्धं ब्लेड ठेवलं,
चुकलेली रेघ खरवडायचं.
"खरवडलं तरी डाग ऱ्हातोय बघा, मॅडम.
कुठं चुकलो, ते पुढच्याला दिसाय लागतंय."

आता चूक एका बोटानं जाते
आणि मागं जागा कोरी.

ड्रोननं दोन सकाळीत शुक्रवार पेठ टिपली:
पत्रे, टाक्या, गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या.
मिरच्यांना सॉफ्टवेअरनं
पक्कं कौलारू छप्पर ठरवलं.
हसलो सगळे. चहा मागवला. दुरुस्त केलं.

पंचगंगेची पूररेषा नाल्याच्या अलीकडे थांबते,
पलीकडच्या गवळी गल्लीला शिवतसुद्धा नाही.
उंचीचा नकाशा तसं सांगतो,
दशांशचिन्हापुढं तीन घरं मोजून.

टॅब घेऊन पडताळणीला गेले.
आक्काताई शेणाचे हात लांब धरून
स्क्रीनवर वाकल्या.
"ह्यो आमचा गोठा? आन् ही निळी रेघ काय?
नदी पुढनं येतीया, कुनी सांगितलं तुमास्नी?
पानी मागनं येतंय, बाई. गटारीतनं. मोरीतनं.
आदी म्हशी उठत्यात. मग आमी."

कुठल्या वाटेनं नेता?
त्या बोलल्या नाहीत, चालायला लागल्या.
तालमीची मागची भिंत, चक्कीचं बोळ,
मग गंगावेशीकडं चढ.
टॅबवरचा निळा ठिपका
रेडकासारखा त्यांच्या मागनं आला.

रात्री ऑफिसात नवा लेयर उघडला.
वाट वीस ठिकाणी वाकडी,
आणि एका ठिकाणी सरळ घुसते
मंजूर झालेल्या पाच मजल्यांच्या पोटात.
परवानगीवर सही माझीच.

'आधार' नावाचा एक रकाना असतो.
आक्काताईंचं नाव टाकलं, तर मशीन म्हणालं,
इथे फक्त अंक चालतो.
बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला.
वॉचमन एकदा डोकावून गेला.

रकान्याचा प्रकार बदलला.
लिहिलं: आक्काताई, गवळी गल्ली. तोंडी.
पानी मागनं येतंय.
'पानी'खाली लाल नागमोडी रेघ उमटली.
राहू दिली.

उद्या इमारतीची फाईल साहेबांपुढं आहे.
जुनी सही पुसणार नाही.
तिच्यावर आडवी रेघ, खाली तारीख,
पुढच्याला दिसेल अशी.