ब आणि म

मंगळवारी हर्णैला माझी खोली
बर्फाच्या कारखान्याला लागून.
भिंत सारखी थरथरते.
तिच्यावर हात ठेव, मी पारसला सांगते,
आता तोच हात गळ्यावर. म्हण ग.
थरथरला? तो घोष.
म्हण क.
वीज गेली. तो अघोष.

पारस पावसे, वय सहा.
टाळूला जन्मतः खाच, दोनदा शिवलेली.
नाव विचारलं तर सांगतो, मारस मावसे.
बंदरावरची पोरं त्याला मावशी म्हणतात.

पुस्तकात सगळं ओळीनं आहे,
कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य,
घशाकडून ओठांकडे, खाडी दर्याकडे जाते तसं.
पारसला मी खाडीच सांगते.
श्वास म्हणजे ओहोटीचं पाणी.
जीभ म्हणजे वाळूची दांडी,
जिथे आडवी येते तिथलं अक्षर.
काहीच आडवं आलं नाही, तर नुसता स्वर.
आणि ओठ म्हणजे खाजणाची उघाडी:
मिटायची, पाणी तुंबू द्यायचं,
मग एकदम सोडायची. प.

त्याच्या बांधाला वरून गळती.
पाणी नाकातून जातं, तुंबतच नाही,
मग उरतो म.

नाकाखाली आरसा धरते.
प म्हणताना धुकं येता कामा नये. येतं.
ओठांसमोर बर्फाच्या पावतीची पट्टी धरते,
फ म्हणताना उडायला हवी. हलत नाही.
दारातून चांगुणाआत्या बघत असते,
मासळीचा लिलाव पुकारणारी, पुढचे चार दात नसलेली:
"माझे त-थ-द गेले की कधीचे,
कुणाचा सौदा आडला का?"

आम्ही खेळतो. माझा, माझी.
माझा म्हणताना जीभ दातांशी,
माझी म्हणताना मागे, टाळूला.
हे त्याला सुरेख जमतं.
"माझा आरसा. माझी मोट."
बोट.
"मोट."

अकराव्या मंगळवारी पावती हलली.
पंखा बंद होता, मी दोनदा पाहिलं.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेले त्याच्याबरोबर.
किल्ल्याच्या अलीकडे बोटी नांगरलेल्या,
माणसं कमरेएवढ्या पाण्यातून टोपल्या आणत होती.
त्यानं ओठ मिटले, गाल फुगवले,
आणि हाक मारली: बाबा!
दोन्ही ब स्वच्छ. पर्समधला आरसा
मी काढलाच नाही.

हरेश टोपली ठेवून पाणी निपटत होता.
ऐकलंत? मी म्हटलं.
"आयकलं की. रोजच मारतो."
आज ब होता त्यात.
तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला.
"दर्यावरून आ-आ तेवढंच येतं, बाय.
मी पयल्यापासून बाबाच धरतोय."

पारस टोपलीत वाकून मोजत होता,
मामलेट, मामलेट,
पापलेट,
मामलेट.