टाचेमागे दीड बोट

मे महिना. रामबागेत फरशीसुद्धा चटके देते,
आणि मी हॉलमध्ये उभी आहे
पोटरीपर्यंत बर्फाच्या तयारीत.
खोक्यावर लिहिलंय हायब्रिड.
म्हणजे धड डोंगराचाही नाही, धड रिसॉर्टचाही नाही,
श्रीरंग म्हणतो, कुलरमध्ये बादली ओतता ओतता.
मी म्हणते, आपण तरी कुठले धड?
भाजीवाल्याशी हिंदी, आईशी मराठी,
आणि भांडताना जे तोंडाला येईल ते.

तीन जोड मागवलेत. दोन परत जातील.
पहिला हलका, सव्वा किलोचा.
बोटं म्हणाली, वा.
पोटरी म्हणाली, याच्या भरवशावर नको,
वेगात पुढे झुकलीस तर हा तुझ्याआधी झुकेल.
दुसरा अस्सल उताराचा.
पाय आत गेला आणि पायाचा पुतळा झाला.
जिना मी खेकड्यासारखी आडवी उतरले, कठड्याला धरून.
खासगीवाल्यांच्या सुनेनं विचारलं, फ्रॅक्चर का हो?

तिसऱ्याला मागे, टाचेच्या वर, एक खटका आहे.
वर केला की घोटा सुटतो,
खाली दाबला की बंद.
खट्‌. चाल.
खट्‌. उतर.
दुपारभर मी तेवढंच केलं.

हिशेब सोपा आहे.
गुलमर्गला दहा दिवस.
नऊ दिवस गंडोल्यातून वर, घसरत खाली,
पुन्हा रांग, पुन्हा वर, मध्ये कहवा.
दहावा दिवस दोरीच्या पलीकडे, पायी,
मंजूर हो म्हणाला तर,
बर्फ बसलेला असला तर,
आणि माझा गुडघा त्या दिवशी माझा असला तर.
एका दिवसात तीन ‘तर’.
त्याच्यासाठी नऊ दिवसांचा बूट सैल करायचा?

इंदुरात बर्फाचे बूट बसवून देणारा कोण असणार?
शेवटी गेले एम.वाय. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत,
कॅलिपर आणि नकली पाय करणाऱ्या
हरगोविंद अहिरवारांकडे.
भिंतीवर खिळ्यांना टांगलेले गुडघे,
खाली पितळी कढईत भिजत घातलेलं प्लास्टर.
त्यांनी बर्फ पाहिलाय तो फक्त मासळीवर.

बूट उलटा केला, ठोकला, हुंगलासुद्धा.
आतलं अस्तर बाहेर काढून रिकाम्या कवचात माझा पाय ठेवला,
बोटं पुढे टेकवली,
आणि टाचेमागे आपलं बोट सरकवलं.
एक. डेढ़. बस.
दो होती तो पाँव तैरता, मैडम.
मग डावा घोटा चाचपत राहिले बराच वेळ.
ये कब टूटा था?
मी सांगितलं नव्हतं कोणाला.
श्रीरंगलाही नाही.
अठ्ठ्याण्णव साल, लूना, पाटनीपुऱ्याचा चौक.

चलना कितना है?
मी ओशाळून म्हणाले, एक दिन. वो भी पक्का नहीं.
ते हसले नाहीत.
खडूनं घोट्याच्या जागी गोल काढता काढता म्हणाले,
यहाँ सब उसी एक दिन का पूछते हैं.
किसी को बेटी की बिदाई में खड़ा रहना है,
किसी को बस एक बार देवास की टेकरी.
नौ दिन तो कुर्सी पर भी कट जाते हैं.

मग गरम हवेची बंदूक. प्लास्टिकचा वास.
आतून लाकडी ठोकळा दाबून
कवचाला एक फुगवटा, सुपारीएवढा.
साडेचारशे रुपये. पावती नाही.

तर तिसराच ठेवलाय.
उताराला पुरेसा ताठ,
बाकी त्या खटक्यापुरता हायब्रिड.
स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक सातशे भरला,
दुसरा एक सातशे दहा.
दहा ग्रॅम कसले, कळलं नाही.

दोन खोकी दाराशी आहेत, कुरियरवाला उद्या येतो म्हणालाय.
बर्फ सात महिने लांब.
श्रीरंग झोपलाय, कुलर कोरडा घरघरतोय.
बूट काढायचा कंटाळा आलाय.
खटका वर करते
आणि बादली घेऊन नळाकडे निघते.