एका जागी दोन

रायबंदरच्या धक्क्यावर साडेसहाची फेरी भरते.
स्कूटरला स्कूटर, हँडलात हँडल,
प्रत्येकाचा एक पाय लोखंडावर टेकलेला.
रुझार शिट्टी मारतो: आणखी एक मावेल, आणखी एक.
मग कुणालाच हलता येत नाही.

वर्गात मी फेरीचं सांगत नाही. सांगते ते असं:
जुन्या हिशोबाने हा ऑक्साइड तारेसारखा वाहायला हवा,
पट्टा अर्धाच भरलेला, वाट मोकळी.
वाहत नाही. काळा, ठिसूळ, ढिम्म.
कारण हिशोबात इलेक्ट्रॉन एकेकटे धरले होते.
एका जागी दोन आले तर किंमत पडते.
त्या किमतीला आम्ही यू म्हणतो.
फळ्यावर ती एका अक्षरात मावते.

सोळा जागांचा चौकोन घेतला
तरी शक्यता चारशे एकोणतीस कोटी.
ग्लॅनिशाचा प्रोग्रॅम तीन रात्री चालतोय ताळगावच्या पठारावर,
वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.
अधिक आणि उणे एकमेकांना खातात,
उरतं ते उत्तर की नुसती खरखर,
तिला कळत नाही. मलाही.
सतरा वर्षं झाली.
लग्नाच्या पंगतीत कुणी काका विचारतोच,
"बाये, ह्याचो उपेग कितें?"
मी सोलकढी मागते.

एक मात्र ठाऊक आहे.
जागचे न हलणारेही शेजाऱ्याकडे जाऊन येतात.
क्षणभर, उसन्या ऊर्जेवर;
पकडायला जावं तर प्रत्येक जण आपापल्या जागी.
आणि त्या न सापडणाऱ्या जाण्यायेण्यातूनच
एकाचं तोंड वर, शेजारच्याचं खाली,
अशी अख्ख्या स्फटिकाला शिस्त लागते.

चोडणात आमच्या घराच्या मधोमध भिंत.
पलीकडे मंगलदास. बाबांच्या बाराव्यापासून बोललो नाही.
कोर्टाच्या तारखेला एकाच फेरीने जातो,
दोन टोकांना उभे राहून.
पण मी पंप चालू विसरून निघाले
तर संध्याकाळी टाकी भरलेली असते, बटण बंद,
आणि बटण माझ्या पडवीत आहे.
दर वेळी मी विसरतेच, असं नाही.

फेरी टेकते. रॅम्प खाली आदळतो.
पहिली स्कूटर उतरते,
आणि तिची रिकामी जागा
उलटी, नदीकडे सरकू लागते,
माणसामाणसातून मागे, मागे,
रेनकोटवाल्याला ओलांडून, मासळीच्या टोपलीला ओलांडून
माझ्यापर्यंत.