सदतिसावं दार

शनिवारी हे काम हातानं व्हायचं.
अंबडच्या ऑफिसातून आधी आपल्याच दारावरचा सर्व्हर,
त्यातून सातपूरचा राउटर,
त्याच्या पोटातून म्हसरूळच्या टॉवरवरचा,
आणि तिथून दिंडोरी रस्त्याला लागून एकेक पंपघर.
प्रत्येक दार विचारणार : कोण?
नाव सांगा. पासवर्ड सांगा. नीट सांगा.
त्रेचाळीस स्विच, चार कप चहा,
आणि परतताना एक्झिट, एक्झिट, एक्झिट,
इतक्यांदा की कधी मी स्वतःच्याच मशीनमधून
बाहेर पडायचे.

खैरनार हे सतरा वर्षं करत होते.
चौकटीच्या वहीत, पेन्सिलनं :
गेलो. पाहिलं. आलो.

ते रिटायर झाले त्या महिन्यात मी स्क्रिप्ट लिहिली.
स्क्रिप्ट म्हणजे दुसरं काय,
कशाकशाची वाट बघायची त्याची यादी.
पासवर्ड विचारला, पासवर्ड दे.
# हे चिन्ह दिसलं की समज आत आलो,
मग विचार काय विचारायचं ते.
वीस सेकंदांत कोणी ओ दिली नाही
तर पुढच्या घरी जा, रुसू नकोस.

बेचाळीस घरं झाली.
सदतिसावं नाही.
लॉगमध्ये एकच ओळ : तीनदा चुकीचा पासवर्ड, प्रवेश बंद.
पासवर्ड तर बरोबर होता,
मीच घातला होता.

मग जुन्या वाटेनं गेले. बोटं विसरली नव्हती.
अंबड, सातपूर, म्हसरूळ,
आणि त्या दारावर, पासवर्डच्याही आधी,
रोमन अक्षरांत आपली मराठी :

# सावकाश. इथे पाणी शिरतं. #
# बूट दाराशी आहेत. घालण्याआधी झटका. #
# खैरनार #

चारशे वेळा डोळ्यांखालून गेली असेल ही पाटी.
मी कधी वाचली नाही.
स्क्रिप्टनं वाचली.
# दिसला, आत आलो म्हणाली,
आणि उंबऱ्यावरूनच घरातल्यांची खुशाली विचारू लागली.
स्विच तिचा एकेक प्रश्न
पासवर्ड समजून नाकारत राहिला.

खैरनारांचं आता सिन्नरला झेरॉक्सचं दुकान.
फोनमध्ये मागे मशीनचं खर्र, खर्र.
"अजून आहे का ते?"
काढू का, म्हटलं.
तीन-चार पानं निघाली.
"पाणी शिरतं का अजून, ते बघ ना आधी."

मला माहीत नव्हतं.
कुठल्या पोर्टला कुठली केबल, झोपेत सांगेन.
खोलीला खिडकी आहे का, विचारू नका.

पाटी ठेवली. स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली :
# च्या आधी स्विचनं स्वतःचं नाव सांगितलं,
तरच आत आलो समज.
त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस. अकरा मिनिटं.
घड्याळात साडेदहा,
आणि अख्खा शनिवार टेबलावर तसाच पडलेला.

टिळे मॅडमकडे सही करून किल्ली घेतली.
म्हसरूळपर्यंतच पाऊण तास गेला,
द्वारका चौकात त्यातला अर्धा.
पॅकेटला चार मिलिसेकंद लागतात.

दाराला पितळी कुलूप.
त्यानं नाव विचारलं नाही,
फक्त जरा वर उचलून फिरवावं लागलं.

स्विच दोन विटांवर ठेवलेला,
हिरवे दिवे उघडझाप करत.
भिंतीवर पाण्याची रेघ, पहिल्या विटेच्या वर,
शेजारी पेन्सिलनं तारीख, ओळखीचं अक्षर.
त्याखाली आणखी एक रेघ. तारीख नसलेली.
खिडकी होती. तिला जाळी नव्हती.

बूट दाराशीच, नऊ नंबरचे.
उजवा उलटा केला, झटकला.
वाळू.
थोडी थांबले,
वीसेक सेकंद असतील.
मग डावा.