पाटीवरची तीन पिसे

शिडी लावून, दोघांनी धरून
पाटी खाली उतरवली, तेव्हा
तिच्या पाठीमागे चिमण्यांचे जुने घरटे निघाले.
त्यात लोकर होती, सुतळी होती, सिगारेटची चांदी होती.
पीस एकही नव्हते.

साल चौऱ्याहत्तर. वेल्सच्या सीमेला टेकलेले गाव.
पबचे नाव ‘द फेदर्स’.
ह्यू टगवेल, वय एकाहत्तर, पाट्या रंगवणारा,
पाटी कोंबड्यांच्या रिकाम्या खुराड्यात आडवी टाकतो
आणि पॉलिश पेपरने हलके हलके घासू लागतो.
काळ्या जमिनीवर तीन पांढरी पिसे,
शेंड्याशी कललेली, बुडाशी मुकुटातून ओवलेली.
युवराजाचे चिन्ह.

म्हणजे, पिसे असायला हवीत.
मागच्या रंगाऱ्याने काढली होती कोबीची पाने.
त्याखालच्या थरात कुणीतरी बदकावर भागवले होते.
त्याही खाली नेचा.
सहाशे वर्षे ज्या पक्ष्याचा तुरा मिरवला
तो यांच्यापैकी कुणी पाहिला नसावा.

मला त्यांना हसता येत नाही.
माझ्या भाषेकडे निघालेला फारसी उंट-पक्षी
वाटेत आपला उंट हरवून बसला.
आम्ही त्याला शहामृग म्हणतो.
ना शहा, ना मृग.
ऐकीव गोष्टीला पंख फुटतात ते असे,
पुष्कळ मोठे, आणि उडायच्या कामाचे नाहीत.

पबमध्ये ज्याची त्याची कथा.
कुणी म्हणे, रणात पडलेल्या आंधळ्या राजाच्या
शिरस्त्राणातून उपटली.
कुणी म्हणे, छे, आईकडून आली, माहेरची.
शाळेतून निवृत्त झालेल्या मिस ॲस्प्रे म्हणतात,
लढाईची ढाल वेगळी होती, सिंहांची;
पिसांची ढाल शांततेची.
यावर कुणी काही बोलत नाही.
शांततेची ढाल कशी धरायची
हे इथे कुणाला ठाऊक नाही.

ह्यूकडे एक बिस्किटांचा डबा आहे.
मावशीचा, डॉर्कसचा.
चौदाव्या वर्षी ती लंडनला पिसांच्या कारखान्यात लागली.
पिसाच्या एकेका केसाला दुसरा केस
गाठ मारून जोडायचा, तुरा झुपकेदार दिसावा म्हणून.
दिवसाला हजारो गाठी. संध्याकाळी खोकला.
मग एका हिवाळ्यात बड्या बायका मोटारीत बसू लागल्या,
टोप्या आखडल्या,
आणि केपहून आलेली पेटी गोदीतच पडून राहिली.
शेवटच्या आठवड्याच्या मजुरीऐवजी
तिला एक पीस मिळाले.

ह्यू ते खिडकीत, दोऱ्याला टांगतो
आणि प्रथमच नीट बघतो.
बदकाच्या पिसाला एक बाजू अरुंद असते, वारा कापणारी.
याच्या दोन्ही बाजू सारख्या.
उडायचे नसले की
दोन्हीकडे सारखे राहता येते.
शेंडा कलतो तो नम्रतेने नव्हे, ऐटीनेही नव्हे.
स्वतःच्याच वजनाने.
तो तसाच काढतो. एकाच पिसावरून तिन्ही.
गाठीसुद्धा काढतो, खालून कुणाला दिसणार नाहीत अशा.

उरली ती ब्रीदाची पट्टी.
इंग्रज युवराज, आणि ब्रीद जर्मन: मी सेवा करतो.
(एमलिन प्रॉसर शपथेवर सांगतो, ते वेल्श आहे:
हा तुमचा माणूस.)
घासता घासता ह्यू थांबतो.
मागच्याने दोन अक्षरांची अदलाबदल केली होती.
आय आधी हवा, त्याने ई आधी घातला,
आणि साठ वर्षे त्या दारावर
सेवा करतो नव्हतेच मुळी.
होते: मी तुझा.

त्याखालून किती जण वाकून आत गेले,
किती जण धडपडत बाहेर आले.
कुणी वाचले नाही.

मालकाला शनिवारी पाटी हवी.
ह्यू कारागीर आहे, चूक ठेवत नाही.
फक्त तेवढी पट्टी तो घासत नाही.
पातळ, फार पातळ रंगाचा हात मारतो
आणि वर बरोबर अक्षरे लिहितो.

वाळायला दोन दिवस लागतील.
पीस परत डब्यात जाते. झाकण घट्ट बसत नाही.